सूचिपर्णी सर

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका बंगल्याच्या कंपाउंडच्या भिंतीवर घोड्यावर बसावं तसे बसले होते. हातात उशीची खोळ होती. शेजारच्या चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, झाडाच्या हिरव्या सुया ओरबाडून ते त्या खोळीत भरत होते आणि खाली पहारेकरी काठी आपटत उभा होता.

"उतरा खाली! साहेब पाह्यतीन!"

"पाहू दे ना बे. झाड नेऊन राह्यलो का मी?"

"खाली एवढ्या पडल्या हायेत, त्या घ्या की."

"त्या वाळल्या. मले हिरव्या लागतात."

"करता काय त्याचं?"

"उकळतो."

पहारेकऱ्याने यावर थोडा विचार केला. मग त्याने आपली काठी वर दिली. "मंग ही घ्या. वरची फांदी ओढा. तिकडं जास्त हायेत."

मी नुकतीच मलकापूरहून बुलढाण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला आले होते. मलकापूर म्हणजे तापलेला तवा. एसटीने घाट चढून वर आलं की अंगाला गार झुळूक लागते, आणि बुलढाण्याचे लोक त्या झुळकीबद्दल असं बोलतात की जणू ती त्यांनीच घरी केली आहे. त्याच हवेच्या भरवशावर कुण्या जुन्या साहेबाने कधीकाळी बंगल्यात हिमालयातलं चिडाचं रोप लावलं असणार. ते जगलं, हे एक नवल. आणि त्याला आमच्या सरांसारखा आशिक मिळाला, हे दुसरं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात कळलं, की भिंतीवरचे गृहस्थ रसायनशास्त्राचे विभागप्रमुख आहेत. पोरं त्यांना 'सूचिपर्णी सर' म्हणत. सुईसारख्या पानांच्या झाडांना पाठ्यपुस्तकात सूचिपर्णी म्हणतात, त्यावरून. सरांना हे नाव ठाऊक होतं आणि आवडतही होतं. "कोणाले 'टकल्या' म्हणतात, कोणाले 'हिटलर'. मले निदान शास्त्रीय नाव ठेवलं पोट्ट्यांनी," असं ते समाधानाने सांगत. टक्कल त्यांनाही होतं, पण त्याच्याकडे पोरांचं लक्ष गेलं नव्हतं.

सर मूळचे चिखलीकडच्या एका खेड्यातले. घरी भाजीपाल्याचा मळा. बोलणं अस्सल वऱ्हाडी, आणि ते वर्गात, स्टाफरूममध्ये, प्राचार्यांच्या केबिनमध्ये सारखंच. एकदा पुण्याच्या एका परिषदेत त्यांनी आपलं संशोधन मांडलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी अदबीने विचारलं, "सर, हे मराठीत सांगाल का?" सर म्हणाले, "मराठीतच सांगून राह्यलो, बाई. तुम्ही इंग्रजीत आयकून राह्यल्या." परत आल्यावर हा किस्सा त्यांनी सगळ्यांना सांगितला, आणि प्रत्येक वेळी त्या बाईंची बाजू घेऊन सांगितला. "त्यायचं बी बरोबर हाय. मी घाई घाईनं बोललो."

सरांचं संशोधन म्हणजे सूचिपर्णी झाडांच्या पानांतून अँटिऑक्सिडंट काढणं. हे काय असतं ते समजावून सांगायला त्यांना वांगं लागे. भाजीवालीसमोर उभं राहूनसुद्धा त्यांनी ते सांगितलेलं मी ऐकलं आहे. "कापलेलं वांगं उघडं ठेवलं का कायंकुट्ट पडते का नाही? हवेनं पडते. लोखंडाले जंग चढते, तसंच. आपल्याही आत थोडं थोडं जंगत असते. ते जंगणं थोपवणारा जो माल, तो अँटिऑक्सिडंट. झाडं स्वतःसाठी बनवतात. मी चोरतो." भाजीवाली म्हणाली, "ते समदं खरं, पण वांगे घेता का नाही?"

आमची मैत्री झाली ती मी त्यांची चूक काढल्यामुळे. चिडाचं झाड गावात एकच, म्हणून सरांनी कॉलेजच्या मागच्या सुरूच्या रांगेकडे मोर्चा वळवला होता. सुरूच्या लांब हिरव्या काड्यांचा अर्क काढून त्यांनी बाटल्यांची फळीच्या फळी भरली होती. मी एकदा सहज विभागात गेले आणि बाटल्यांवरची नावं वाचून माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, सुरू सूचिपर्णी नाही."

"आँ?"

"त्या सुया नाहीतच. त्या बारीक फांद्या आहेत. पानं त्यांच्या पेरांवर असतात, भिंगातून पाहावी लागतात. सुरू आपल्या आंब्या-बोरांच्या गोतातला. चिडाचा आणि त्याचा काही संबंध नाही."

नवीन आलेल्या बाईने विभागप्रमुखाला असं सांगू नये, हे मला वाक्य संपता संपता कळलं.  सरांनी भिंग आणलं, खिडकीशी जाऊन सुरूची एक काडी बराच वेळ न्याहाळली, आणि एकदम मांडीवर थाप मारली. "अरे बाप्पा! म्हणजे एवढे दिवस मी फांद्या उकळून राह्यलो!" त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला ओढतच स्टाफरूममध्ये नेलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आयका रे, मी गाढव हाव. या मॅडमनं सिद्ध केलं." त्या दिवशी सगळ्यांना चहा सरांकडून. स्वतःची चूक सापडली म्हणून चहा पाजणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

नंतर सूचिपर्णीतली दुसरी झाडं मीच त्यांना शोधून दिली. गावातल्या अंगणाअंगणात असते ती मोरपंखी. ती सुयांची नाही, खवल्यांची, पण गोत चिडाचंच. सर खूश झाले. मोरपंखीसाठी भिंतीवर चढावं लागत नव्हतं.

त्यांची प्रयोगशाळा पाहण्यासारखी होती. वाळवलेल्या सुया दळून एका काचेच्या उभ्या नळीत भरायच्या, खाली स्पिरिट तापत ठेवायचं. त्याची वाफ वर चढते, गार होऊन सुयांवर ठिबकते, नळी भरत आली की सगळं हिरवं पाणी एका दमात खाली ओढलं जातं, 'गुटुक' करून. पुन्हा भरते, पुन्हा 'गुटुक'. हे दिवसभर चालतं. वाफ गार करायला सतत वाहतं पाणी लागतं, आणि बुलढाण्यात नळाला पाणी कधी येईल हे नळालाही ठाऊक नसतं. सरांनी घरच्या कूलरचा पंप काढून आणला, बादलीत सोडला, आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडून बर्फ आणून त्या बादलीत टाकला. तेच पाणी गोल गोल फिरायचं. विभागात शिरलं की आधी कूलरच्या पंपाची घरघर, मग उसाच्या रसाचा वास, मग टर्पेंटाइनचा, आणि या सगळ्यात स्टुलावर बसलेले सर, त्या काचेच्या नळीशी बैलाशी बोलावं तसं बोलणारे. "चाल बे राजा. आली, आली... हां! गुटुक!"

घरी सरांच्या पत्नी, आमच्या काकू, उकाड्याने हैराण. पंपाशिवाय कूलर म्हणजे नुसता पंखा. त्यावर सरांनी सुया त्यांच्याच मिक्सरमध्ये दळलेल्या. एकदा मी जेवायला गेले होते. काकूंनी शेंगदाण्याची चटणी वाढली आणि म्हणाल्या, "खा. फर्निचरची हाय." खरंच तिला नव्या पॉलिशचा वास होता. सरांनी ती मिटक्या मारत खाल्ली.

अर्कात किती दम आहे ते तपासायला सरांकडे एक जांभळं पाणी होतं. गर्द, पिकल्या जांभळासारखं. त्यात अँटिऑक्सिडंटचे थेंब टाकले की रंग उतरत उतरत फिक्का पिवळा होतो. जितका माल जास्त, तितका रंग लवकर जातो. या पाण्याची एक छोटी बाटली, उजेड लागू नये म्हणून चांदीच्या कागदात गुंडाळलेली, सरांच्या खिशात कायम असे. लग्नात गेले की मठ्ठा तपासायचे, बारशाला गेले की सुंठवडा. प्राचार्यांनी एकदा मुंबईहून आणलेला महागडा ग्रीन टी कौतुकाने सगळ्यांना पाजला. सरांनी आपल्या कपातले थेंब बाटलीत टाकले. पिवळं झालं. प्राचार्य सुखावले. मग सरांनी डब्यातली शेवग्याच्या पाल्याची भाजी पिळून तिचे थेंब दुसऱ्या बाटलीत टाकले. ते त्याहून लवकर पिवळं झालं. प्राचार्य त्यानंतर सर समोर असले की कप झाकून चहा पीत.

एवढं सगळं असूनही सरांच्या सुयांची गावात कुणी दखल घेतली नव्हती. 'काहीतरी उकळतात' एवढीच कीर्ती. म्हणून कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात त्यांच्या टेबलापुढे गर्दी जमली तेव्हा सर मोहरून गेले. हाताशी मोरपंखीची फांदी होती, तिचाच अर्क होता. जांभळ्याचं पिवळं झालं. लोक 'वा' म्हणाले. सरांनी पुन्हा केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, "सर, याच्यानं म्हातारपण जाते का?" आणि सर रंगात येऊन म्हणाले, "हाव! पाह्यलं नाही का, कसं पळालं ते?"

सगळे हसले. सरही हसले. एकजण मोबाइलवर ते चित्रित करत होता, तोही हसला.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ जिल्हाभर फिरला. खाली मजकूर होता : 'बुलढाण्याच्या प्राध्यापकांचा शोध. मोरपंखीचा काढा प्या, म्हातारपण पळवा.' त्यानंतरच्या दिवसांत आमच्या गावात जे झालं ते मी वनस्पतिशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही. मोरपंख्या नागड्या झाल्या. शाळेच्या कुंपणाच्या, दवाखान्याच्या दारातल्या, बागेतल्या. माणसाचा हात पोचेल तिथपर्यंत नुसत्या काटक्या आणि वर हिरवा शेंडा. आधी बकऱ्यांवर आळ आला. मग एका सकाळी निवृत्त हेडमास्तर शेजाऱ्याच्या अंगणात पिशवी घेऊन सापडले आणि बकऱ्या सुटल्या. चिखलीहून जीप भरून लोक आले आणि कॉलेजच्या फाटकात विचारू लागले, "काढेवाले सर कुठी बसतात?"

सर सुरुवातीला नुसते गोंधळले. "अर्क कुठं अन् काढा कुठं," असं ते येणाऱ्या प्रत्येकाला समजावत. येणारा मान डोलवून ऐकून घेई आणि शेवटी विचारी, "मंग दिवसातून किती खेपा घ्यायचा?" संस्थेचे अध्यक्ष मात्र खुशीत होते. त्यांनी सरांचा सत्कार ठरवला, आणि सरांचा फोटो असलेली काढ्याची पाकिटं छापायला टाकली. सर मला म्हणाले, "मॅडम, जलमभर वाटे का कोणीतरी इचारावं. आता सारे इचारून राह्यले, अन् मले पळून जावं वाटते."

सत्काराच्या दोन-तीन दिवस आधी आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क कामावर आले नाहीत. त्यांचे वडील देऊळघाटला राहत. वय झालेले, पण खुटखुटीत, शेतात फिरणारे. मुलगा त्याच कॉलेजात, म्हणजे काढ्याची बातमी पक्की, असं समजून ते रोज सकाळी पेलाभर मोरपंखीचा काढा घेत होते. त्या दिवशी आधी उलट्या झाल्या, मग हातपाय ताठ होऊन झटके आले. जीपमध्ये घालून त्यांना बुलढाण्याच्या दवाखान्यात आणलं होतं.

सर आणि मी धावतच गेलो. हेडक्लार्क व्हरांड्यात बाकावर बसले होते. सर त्यांच्यापुढे उभे राहिले. 

"तुह्या बापाले मी पाजलं," सर म्हणाले.

"नाही सर, मायनं उकळून देल्लं. तुमी कुठी..."

"मीच पाजलं. मोरपंखीत तेल असते. ते पोटात गेलं का असंच होते. मले माहीत होतं. त्या दिवशी टाळ्या पडून राह्यल्या होत्या, म्हणून नाही बोललो मी. अन् मंगही नुसतं अर्क-काढाच सांगत बसलो."

डॉक्टरांना सरांनी त्या तेलाचं नाव, किती पाला उकळला असेल, त्यातून किती उतरलं असेल, सगळं सांगितलं. मग आत जाऊन म्हाताऱ्याच्या पायथ्याशी बसले ते दुपार उतरेपर्यंत. म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि 'भूक लागली' म्हटलं तेव्हा सर उठले, बाहेर आले आणि नळाखाली तोंड धुऊन बराच वेळ तसेच वाकून राहिले.

मला वाटलं ते सत्कार रद्द करतील. त्यांनी केला नाही. उलट इस्त्रीचा शर्ट घालून आले. हॉल खच्चून भरला होता. आमचे विद्यार्थी, चिखलीचे जीपवाले, निवृत्त हेडमास्तर, आणि पुढच्या रांगेत, मुलाच्या आधाराने, कालच घरी सोडलेला तो देऊळघाटचा म्हातारा. अध्यक्षांनी सरांच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला. सर म्हणाले, "भाषण येत नाही मले. प्रयोग करतो."

टेबलावर त्यांनी जांभळ्या पाण्याच्या तीन बाटल्या मांडल्या. पहिलीत सुयांचा अर्क टाकला. पिवळं. टाळ्या. दुसरीत आवळ्याचा रस. पिवळं. थोड्या कमी टाळ्या. तिसरीत त्यांनी एका पुडीतली पांढरी पूड पाण्यात विरघळवून टाकली. जांभळा रंग पाहता पाहता उडाला, सगळ्यांत लवकर. हॉल टाळ्यांनी दणाणला.

"हे सगळ्यांत भारी हाय. नाही का?" सर म्हणाले.

"हाव!"

"कोणाले पाह्यजे? पेलाभर देतो."

बरेच हात वर झाले.

"पहिले फोटो धुवायचे ना अंधाऱ्या खोलीत, त्या मसाल्यातली पूड हाय ही. जहर. पेलाभर घेतली तर सिद्दे मसणवटीत."

हात एकेक करून खाली आले. निवृत्त हेडमास्तरांचा सगळ्यांत शेवटी, कारण त्यांना कमी ऐकू येतं.

"रंग गेला तो बाटलीतला गेला, बाप्पाहो," सर सावकाश म्हणाले. "माणूस काही बाटली नाही. एवढी वर्सं मी नुसता रंग घालवून राह्यलो, म्हातारपण कोणाचं घालवलं नाही. माह्यंच पाहा." त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. थोडं हसू आलं. "त्या दिवशी मी मजाकमध्ये 'हाव' म्हणलो. ते खोटं होतं. त्याच्यानं एक माणूस मरता मरता वाचला. मोरपंखी कोणी पिऊ नका. घरी उकळलेली असन तर आत्ता जाऊन फेका."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्ष खुर्चीतून पुढे झुकले आणि माइकला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "अहो, पाकिटं छापून झाली!"

"त्यात चहा भरा," सर म्हणाले. "फोटो राहू द्या."

हॉल रिकामा व्हायला वेळ लागला नाही. चिखलीचे लोक फुकट खेप झाली म्हणून कुरकुरत गेले. "आधी हो म्हणते, मंग नाही म्हणते. कंपनीनं दाबलं असन याले," असं एकजण जिन्यात म्हणाला आणि बाकीच्यांना ते पटलं. अध्यक्ष सरांकडे न पाहता उतरले. प्राचार्य त्यांच्यामागे. व्यासपीठावर सर एकटेच तीन पिवळ्या बाटल्या गोळा करत राहिले. मी खाली खुर्च्यांमधून वर जावं की नको या विचारात होते. गेल्या काही आठवड्यांत त्यांच्याभोवती जी माणसं जमली होती, ती सगळी त्यांनी एका दुपारीत परत पाठवली होती.

पुढच्या रांगेतला म्हातारा मात्र उठला तो दाराकडे गेला नाही. मुलाचा हात सोडवून, काठी टेकत टेकत व्यासपीठाच्या पायऱ्या चढला. सर लगबगीने पुढे झाले, त्याच्या पायाशी वाकू लागले.

"बाबा, चुकलं माह्यं. मी..."

"ते राहू दे रे मास्तर." म्हाताऱ्याने काठीने टेबलावरची बाटली दाखवली. "मले एक सांग. हे जांभयं पाणी पिवयं काऊन झालं? जांभया रंग गेला कुठी?"

सर वाकल्या जागी थांबले. मग सरळ झाले. त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, परत म्हाताऱ्याकडे. गंमत करतो आहे का, अशा संशयाने. म्हातारा गंमत करत नव्हता. तो खाली वाकून बाटलीच्या तळाशी रंग साचला आहे का ते बघत होता.

"बसा बाबा," सर म्हणाले.  अध्यक्षांची खुर्ची त्यांनी स्वतः ओढून आणली, म्हाताऱ्याला तीत बसवलं. मागच्या फळ्यावर सत्काराचं सुशोभित अक्षरांतलं स्वागत लिहिलेलं होतं. डस्टर कुठे दिसेना. सरांनी खांद्यावरची शाल काढली, तिने फळा खसाखसा पुसला आणि खडू शोधू लागले.

"बाबा, देऊळघाटची जीप जाईन," खालून हेडक्लार्क म्हणाले.

"जाऊ दे," म्हातारा फळ्यावरची नजर न काढता म्हणाला. "तू हो पुढं."